पत्र्याचं भोक

"लाईट गेली म्हनून मशीन मेली समजू नको, पोरी. झोपली राह्यते!"

चक्कीवाले सोमाजीभाऊ असं म्हणाले तेव्हा वच्छला फिस्सकन हसली होती. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं. उरलेली दोन कुठे गेली विचारलं की म्हणत, "पिठात!" अशा माणसाचं बोलणं कोण मनावर घेणार?

दिवाळीच्या सुट्टीत वच्छला गडचांदूरला मामांकडे आली होती. सोमाजीभाऊंच्या चक्कीला लागूनच गुणवंतमामांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. तिथे पितळी पाट्यांवर नावं कोरायची मशीन होती. एका बाजूला मोठ्या अक्षरांवरून दांडी फिरवायची. दुसऱ्या बाजूला पेन्सिलीएवढा कटर गरगर फिरत तीच अक्षरं पाटीवर बारीक कोरायचा. खाणीवर लावायच्या साठ पाट्या शनिवारपर्यंत द्यायच्या होत्या. प्रत्येकीवर एकच शब्द: सावधान!

त्या सकाळी वच्छलाला मशीनमागच्या पत्र्यात एक भोक दिसलं. बरोबर तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर.

"मामाजी, हे काल नव्हतं!"

"माकडानं केलं असंल," मामा मान वर न करता म्हणाले. "जा, भायेर खेळा."

बाहेर मामेभाऊ नथ्थू आणि सोमाजीभाऊंची नात बुधरी उभे होते.

"माकड पत्रा काऊन फाडंल?" नथ्थू म्हणाला. "आत का केळं टांगले हायेत?"

बुधरी भोकात बोट घालायला गेली. वच्छलानं झटकन तिचा हात मागे ओढला.

"कापंल ना! अन् कडा पाहा. भायेर वळल्या हायेत. हे आतून फुटलं!"

आत तर काल फक्त मामाच होते!

भोकासमोर, चक्कीच्या भिंतीपाशी, भाताच्या कोंड्याचा ढीग होता. तिघांनी तो उकरायला घेतला. नाकातोंडात कोंडा, डोळ्यांत पाणी. अचानक बुधरी ओरडली, "भेटला!"

वीतभर लांबीचा लोखंडी पाना. तोंडाशी वाकलेला.

"हा तं कटर कसायचा पाना!" नथ्थूचा आवाज खाली आला. "बाबा म्हने, हरवला. कालच नवा आनला."

कटर बसवताना मामांना तिनं पाहिलं होतं. एका पान्यानं कटरचा दांडा धरायचा, दुसऱ्यानं नट आवळायचा. मग कटरचं टोक पाटीवर आणायचं आणि मध्ये पतंगाचा कागद सरकवून अंतर बघायचं. सगळा वेळ बोटं तिथंच! नटावर पाना असताना मशीन फिरली तर?

"पन मशीन बंद केल्याबिगर पाना कोन लावंल?" बुधरीनं विचारलं.

"काल दुपारी लाईट गेली होती," वच्छला हळूच म्हणाली. "बटन, नथ्थू? बटन बंद करते का मामा?"

"नाई ना! चालूच ठेवते. लाईट आली का मशीन घुमते, मंग बाबाले लगेच समजते."

झोपली राह्यते... वच्छलाला सोमाजीभाऊंचं बोलणं आठवलं.

आणि त्याच क्षणी शेजारची चक्की घरघरत थांबली. लाईट गेली!

तिघं धावत सुटली. मामा मशीनवर वाकलेच होते. दोन्ही हातांत दोन पाने, चेहरा कटरपासून वीतभरावर.

"मामाजी, हात काढा! बटन चालू हाये!"

"आत्ताच त लाईट गेली, इतक्यात थोडी येनार! कलकल नका करू! अजून वीस पाट्या बाकी हायेत."

बटण मामांच्या पलीकडे होतं. पण दाराशेजारी उंचावर मेन स्विचचा लोखंडी डबा होता.

"नथ्थू, स्टूल!"

वच्छला स्टुलावर चढली. दोन्ही हातांनी मूठ ओढली. गंजलेली मूठ हलेना! पत्र्याच्या भोकातून तिला चक्कीच्या भिंतीवरचा बल्ब दिसत होता. विझलेला. कधीही पेटेल. आत्ता पेटेल!

"बुधरी, लटक मले!"

बुधरीनं तिच्या कमरेला मिठी मारली आणि पाय उचलले. खटाक्! मूठ खाली आली, स्टूल कलंडलं, दोघी नथ्थूच्या अंगावर कोसळल्या.

"काय धिंगाना लावला रे..." मामा वळायला गेले, आणि त्यांची नजर समोरच्या भोकावर पडली.

भोकापलीकडे बल्ब पेटला होता.

मशीन मात्र गप्प होती. मामांची बोटं अजून पान्यावर होती. त्यांनी दोन्ही पाने काढून खाली ठेवले.

वच्छलानं जुना, वाकडा पाना पुढे केला. "हे घ्या, तुमचं माकड," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मामांनी तिला जवळ घेतलं. "काल कानाजवळून गेला, पोरी," ते पुटपुटले. "तुया मामीले भेव वाटंल म्हनून बोललो नाई."

आवाज ऐकून पिठानं माखलेले सोमाजीभाऊ आले. सगळं ऐकल्यावर त्यांनी तीन बोटांचा हात वच्छलाच्या डोक्यावर ठेवला.

"गुणवंता, मले हे समजाले दोन बोटं द्या लागली. तुये पोरं हुशार निघाले!"

"आता मेन खाली केल्याबिगर कटरले हात लावनार नाई," मामा म्हणाले. "पन लाईट आली हे समजंल कसं?"

"त्या भोकातून!" तिघं एकदम ओरडली.

भोक मामांनी कधीच बुजवलं नाही. शनिवारी त्यांनी एकसष्टावी पाटी कोरली आणि मेन स्विचखाली ठोकली.

तुमच्याकडेही लाईट जातेच. तेव्हा कुणी काका, कुणी दादा बंद पडलेल्या मशीनमध्ये हात घालून बसला असेल. त्याचं बटण कुठे आहे, चालू की बंद? तो हसेल, खेकसेल. खेकसू दे. पुस्तक इथंच पालथं ठेवा आणि आधी त्याला बघून या.