रेषेवरची पंच

तो चष्म्याच्या दुकानात शिरला आणि थेट माझ्या समोरच्या खुर्चीत बसला.

"नंबर काढायचाय."

"कुणाचा?"

"तुमचा."

मी ओळखलं. लोक त्याला भिंगरी म्हणायचे; उजव्या कडेनं चेंडू घेऊन तसाच गरगरत जायचा. आठवडाभर मी दुकानात डोळे तपासायचे आणि शनिवारी झेंडा घेऊन फुटबॉलच्या मैदानाच्या रेषेवर पळायचे. गेल्या शनिवारी, शेवटच्या मिनिटाला, मुख्य संघाकडून मारलेला त्याचा पहिलाच गोल मी, तो बचावपटूंच्या पुढे होता म्हणून, ऑफसाइड दिला होता. सोमवारी प्रशिक्षकांनी त्याला राखीव संघात धाडलं.

"खरं सांगा... मी पुढे होतो?"

"एक पाऊल. डावं."

तो हळूच म्हणाला, "अकरा वेळा व्हिडिओ पाहिला मी. तुमचंच बरोबर आहे. आई म्हणते, मोसम संपेपर्यंत करार झाला नाही तर नोकरी बघ. म्हणून वाटलं — एकदा तुमच्या तोंडून ऐकावं."

त्यानंतर दर मंगळवारी, सराव संपला की, ओल्या केसांनी तो दुकानात येऊ लागला. कधी फ्रेम बघायला, कधी नुसताच. दुकानाचे मालक काका एकदा म्हणाले, "याचे डोळे उत्तम आहेत. नजर तेवढी एकाच जागी अडकलीय." मी मान खाली घालून काचा पुसत राहिले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मोसमाच्या शेवटी त्याला मुख्य संघात परत घेतलं. त्या सामन्यात रेषेवर मीच होते. पास सुटला तेव्हा तो अर्धं पाऊल पुढे होता. मला दिसलं... आणि हात उठेना. क्षणभरच. मग झेंडा वर गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

दुसऱ्याच दिवशी मी पंच समितीला पत्र दिलं: या संघाचे सामने मला देऊ नयेत. मंगळवारी, दुकानाच्या पायरीवर, त्याला सांगितलं.

"कारण काय लिहिलंस?"

"जे खरं आहे ते."

"म्हणजे?"

"की यातल्या एका खेळाडूवर... माझं प्रेम आहे."

तो बराच वेळ बुटाच्या लेसशी चाळा करत राहिला. "समितीला सांगितलंस. मला कधी सांगणार होतीस?"

"आत्ता सांगितलं की."

"मोठे सामने हेच होते तुझे. पंचांच्या वरच्या यादीत जायचं होतं ना तुला?"

"जाईन. उशिरा."

"मला आधी विचारलं असतंस तर मीच दुसरा संघ बघितला असता."

"म्हणूनच नाही विचारलं."

त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं माझा हात हातात घेतला, अवघडून, आणि मीही तो तसाच राहू दिला.

पुढच्या महिन्यात त्याचा करार झाला. आता शनिवारी तो मोठ्या मैदानावर पळतो, मी दूरच्या कुठल्यातरी चिखलात. रविवारी दोघांचेही पाय ठणकत असतात. मग आम्ही कुठेच जात नाही. नुसते बसून राहतो.