टाचेचे दोन ठोके

नोव्हेंबरातल्या ज्या रविवारी हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घ्यायची, त्याच सकाळी घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासायचा, हा कॅनडातल्या थंडर बेमधल्या घराघरातला शिरस्ता. घर तापवणारी तळघरातली भट्टी बिघडली तर हा वायू घरभर पसरतो; त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो. एइनोने मात्र या शिरस्त्याचा पार सोहळा करून टाकला होता. तो तळघराच्या दाराशी स्टुलावर चढून बटण दाबायचा. बायकोने, म्हणजे हेल्वीने, तेव्हा वरच्या खोलीत दार लावून चक्क पांघरुणात शिरायचं. झोपलेल्या माणसाला ऐकू येत नसेल तर अलार्म काय चाटायचाय, असं त्याचं म्हणणं. ऐकू आलं की तिने टाचेने जमिनीवर दोन ठोके द्यायचे. मग तो दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने तारीख लिहायचा आणि पुढे 'ऐकू आलं'.

एइनो मार्चमध्ये गेला. तेव्हापासून मुलाचा, राउनोचा, एकच धोशा होता: घर विकू, तू माझ्याकडे ये. गेल्या महिन्यात हेल्वीच्या हातून किटली दोनदा जळली आणि त्याला आयतं निमित्त मिळालं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या हेल्वीला मात्र हे घर सोडायचं नव्हतं. तो अकरा वाजता येणार होता. त्याआधी चौकटीवर यंदाची ओळ लिहून ठेवायची, म्हणजे आपण अजून ताळ्यावर आहोत हे त्याला दिसेल, असं तिने ठरवलं होतं.

ती जपून स्टुलावर चढली आणि बटण दाबलं. चार कर्कश शिट्ट्या. थोडं थांबून पुन्हा चार.

वर दोन ठोके पडले.

ती कठड्याला धरत वर गेली. पलंगावरच्या पांघरुणाला सुरकुती नव्हती. खिडकी बंद होती. खाली अंगणात रात्रभराचा बर्फ पडलेला, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. "भट्टीचे नळ," ती मोठ्याने म्हणाली. "तापले की वाजतात मेले." तिने खाली येऊन भट्टी बंद केली, अंगात कोट चढवला आणि नळ थंड होईपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहिली. पुढ्यातली कॉफी गार झाली. मग तिने पुन्हा बटण दाबलं.

दोन ठोके. पहिला जड, दुसरा हलका.

खोटं कशाला सांगायचं, भीती वाटण्याआधी तिला आनंदच झाला. "एइनो?" तिने हाक मारली, आणि तिथेच ती गोंधळली. एइनोने तर कधीच ठोके दिले नव्हते. तो इथे असायचा, या स्टुलावर. वरून ठोके द्यायचे ते एकाच माणसाने. आणि दोन वर्षांपूर्वी कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्या माणसाचा पहिला ठोका जड पडायचा, दुसरा हलका. हेल्वी कितीतरी वेळ आपल्याच पायांकडे पाहत राहिली.

राउनो वेलचीचा पाव घेऊन आला. "भट्टी बंद का गं? गारठून मरायचंय का?"

"नळ वाजत होते."

"नळ." जळक्या किटलीकडे पाहिलं होतं तसंच त्याने तिच्याकडे पाहिलं. "अलार्म तपासलास?"

"तपासला. वाजतो."

"वाजू दे की. तुला झोपेत ऐकू येतो का? जा वर, बाबा करायचे तसं करू. ऐकू आला तर हा हिवाळा काढ इथे, मी चकार शब्द काढणार नाही. नाही आला, तर मुकाट्याने सामान बांधायचं."

"मी इथेच थांबते. तू दाब."

"आई, इथून शेजारच्यांनाही ऐकू येईल. जा."

ती गेली. दार लावलं, पांघरूण उचललं आणि आत शिरली.

भट्टी तासभर बंद होती. पांघरूण आतून उबदार होतं.

ती पार कडेला सरकली. एक पाय पलंगाबाहेर, टाच जमिनीपासून वीतभर वर धरून ठेवली. कान टवकारले. खिडकीवर वारा. छातीतली धडधड. बाकी काही नाही.

तिने शंभर आकडे मोजले. काही नाही.

उगाच ठोकावं का? पण त्याने बटण दाबलंच नसेल तर? मग तर घर गेलंच.

आणखी शंभर मोजून ती उठली. गेलं घर, असं मनाशी म्हणत जिना उतरली.

राउनो चौकटीपाशी उभा होता, हातात पेन्सिल. डोळे पुसत तो हसला. "काय गं हे! दोनदा दाबलं, दोन्ही वेळा लगेच ठोके. एक जड, एक हलका. कान शाबूत आहेत तुझे. हरलो मी. राहा इथे."

हेल्वीने तोंड उघडलं. त्याने तारीख लिहिली, पुढे लिहिलं, 'ऐकू आलं'. तिने तोंड मिटलं.

तो टेबलाशी जाऊन पाव कापू लागला.

वर पलंग करकरला, कुणी कूस बदलल्यासारखा. तेवढं मात्र तिला अगदी स्पष्ट ऐकू आलं.