परत आलेल्या कथा पुन्हा कुणी पाठवल्या?

"माझ्या नावानं कुणीतरी माझ्यापेक्षा बरं लिहितंय," लालासाहेब शिंदे खुर्चीत बसता बसता म्हणाले. "तेवढा माणूस शोधून द्या."

सांगलीचे खासगी तपासनीस नाथाजी पाटणकर यांनी पेन्सिल उचलली. शेजारी त्यांचा मदतनीस भाऊसो बसला होता.

लालासाहेबांनी दोन वर्षांपूर्वी, १९४४ साली, माधवनगरची मास्तरकी सोडली होती. लेखणीवरच जगायचं, असं ठरवून ते मासिकांना कथा पाठवत.

"साताऱ्याच्या मासिकानं तीन कथा साभार परत केल्या. पुढं त्याच तिन्ही माझ्याच नावानं छापल्या! मी पुन्हा पाठवल्या नव्हत्या. आता संपादक वर्षभर चालणारी कादंबरी मागतात. हो म्हणू की नको? लेखक मी की दुसरा कुणी, तेच कळेनासं झालंय."

"परत आलेल्या कथांचं काय करता?"

"बायकोला देतो, चुलीत घालायला. कालच एक आली."

नाथाजींनी लालासाहेबांचा एका कथेचा जुना खर्डा आणि तीच छापलेली कथा शेजारी शेजारी ठेवली. खर्ड्यात मेंढी पोरक्या कोकराला लगेच पाजत होती. छापलेल्या कथेत ती त्याला हुंगून लाथ मारत होती. मेंढक्यानं तिचंच दूध कोकराच्या अंगाला चोळलं, तेव्हा कुठं तिनं त्याला जवळ केलं.

दुसऱ्या दिवशी दोघं साताऱ्याला गेले.

"आम्ही काना-मात्रा सुधारतो. मेंढीतलं मला काय कळतंय?" संपादक म्हणाले. "प्रत सांगलीहून टपालानं आली. अक्षर कित्त्यासारखं होतं. म्हटलं, लेखनिक ठेवला असेल."

तिथून ते लालासाहेबांच्या सांगलीतल्या घरी आले. त्यांची पत्नी अंजना चूल पेटवत होती. उसाचं ओलसर पाचट धुमसत होतं, ती फुंकून बेजार झाली होती.

"मी कऱ्हाडकडची, उसाच्या रानातली," ती म्हणाली. "चौथीपतुर शिकले. कथा-बिथा मला काय कळत न्हाईत. हातात दिली, की जाळते."

उंबऱ्यावर शेजारच्या धोंडुबाई लोकर कातत होत्या.

"आजी, तुम्ही कुठल्या?"

"जतची. मेंढरामागंच जलम गेला. आता लेकाकडं आले. दुपारी हितं बसते."

"कथा वाचता?"

"मला कुठलं वाचाय येतंय, बाबा?"

बाहेर पडताच भाऊसो वैतागला. "लिहिता येतं तिला मेंढी ठाऊक नाही. मेंढी ठाऊक आहे तिला लिहिता येत नाही. म्हणजे दोघीही सुटल्या."

नाथाजी थबकले. "भाऊसो, चल परत."

त्यांनी लालासाहेबांसह सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"आपण एक माणूस शोधत होतो. हे काम दोघींचं आहे. परत आलेल्या कथा फक्त अंजनाबाईंच्या हातात जात. परवाच कथा आली, तरी त्या ओल्या पाचटाशी झगडत होत्या. कागद जाळायचाच होता, तर पेटवायला का घेतला नाही? कारण त्या कथा जाळतच नाहीत. दुपारी धोंडुबाईंना वाचून दाखवतात. मेंढीची चूक आजी धरतात, बाई नव्यानं लिहून टपालात टाकतात. कित्त्यासारखं अक्षर चौथी शिकलेल्या, जपून लिहिणाऱ्या हाताचं."

लालासाहेब पत्नीकडे बघतच राहिले. "मला का नाही सांगितलंस?"

"पाकीट परत आलं, की तुमी दोन-दोन दिवस जेवत न्हवता," अंजना खाली मान घालून म्हणाली. "त्यात बायकूनं चूक काढली असती, तर लिवायचंच सोडलं असतं. आवं, कथा तुमचीच हाय. आमी निस्तं..."

"चोरी न्हाई ती," धोंडुबाई म्हणाल्या. "खोटं हुतं तेवढं खरं केलं."

 राग यावा की हसू, लालासाहेबांना उमगेना. अखेर ते उठले आणि त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं: कादंबरी देतो, पण लेखक म्हणून माझ्या नावाशेजारी अंजना शिंदे आणि धोंडुबाई हीही नावं छापा.

मग कोरा कागद पुढं ओढून त्यांनी कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

"थांबा," धोंडुबाई म्हणाल्या.

लालासाहेबांनी निमूटपणे ते खोडलं.