गळ्यापर्यंत पुरलेलं रोप

चष्म्याच्या दुकानातून घरी जाताना तिची चप्पल तुटली, ती बरोबर नर्सरीच्या दारात. नर्सरीवाल्याने सुतळीने चप्पल बांधून दिली. नुसतं ‘थँक्यू’ म्हणून निघणं बरं दिसेना, म्हणून तिने समोर दिसलं ते स्ट्रॉबेरीचं रोप विकत घेतलं. बागकामातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

बारा दिवसांत रोप मेलं. ती कुंडी घेऊन विचारायला गेली.

“मॅडम, तुम्ही ह्याला गळ्यापर्यंत पुरलंत,” तो म्हणाला. “हा मधला कोंब आहे ना, तो मातीच्या वर हवा. नाहीतर कुजतो.”

मग त्याने सगळं नीट सांगितलं. कुंडीला खाली भोकं हवीत. माती भुसभुशीत, त्यात कुजलेलं शेणखत. सहा तास तरी ऊन. पाणी मुळाशी घालायचं, पानांवर नाही. पहिली फुलं खुडून टाकायची, म्हणजे मुळं जोर धरतात. तिने सगळं ऐकलं, आणि बोलताना तो मान किंचित तिरकी करतो हेही पाहून ठेवलं.

त्याच्याकडूनच घेतलेलं दुसरं रोप झकास वाढलं. तिने जड मनाने पहिली फुलं खुडली, रोज सकाळी बोटाने माती चाचपून पाणी घातलं. तीन आठवडे झाले. तक्रारीला जागाच नाही! आता नर्सरीत जायचं तरी कोणत्या तोंडाने?

“सरळ जाऊन बोल की,” ताई म्हणाली.

“काय बोलू? माझं रोप ठणठणीत आहे, म्हणून आले?”

“मग बस घरी. त्याचं लग्न ठरलं की पेढे खायला जा.”

ते मात्र तिला फार लागलं. त्याच संध्याकाळी तिने कोंबावर दोन मुठी माती दाबली. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दाबली!

आठवड्याभराने कुंडी घेऊन ती हजर. त्याने माती उकरली, मुळं पाहिली, पुन्हा पाहिली.

“मुळं चांगली पांढरीशुभ्र आहेत. ही माती वरून टाकलीय… मुद्दाम?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “…हो.”

तो हसला नाही. “बोलायचं होतं तर बोलायचं. ह्या बिचाऱ्याने तुमचं काय घोडं मारलं होतं? आता मी तुम्हाला रोप देणार नाही.”

तिचं तोंड एवढंसं झालं. झालं, संपलं! आता या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल टाकायची सोय उरली नाही. ती वळणार, तोच एक आजोबा आले. त्यांनाही स्ट्रॉबेरीच हवी होती. नर्सरीवाल्याने रोप दिलं आणि सवयीने गठ्ठ्यातला एक छापील कागद वर ठेवला. आजोबांनी तो डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचला, “मधला कोंब मातीच्या वर ठेवावा… वा, हे बरं केलंत.” आणि गेले.

ती जागची हलली नाही.

“हा कागद सगळ्यांना देता?”

“हो… म्हणजे, देतो.”

“मला का नाही दिलात?”

“संपले असतील.”

“एवढा गठ्ठा आहे!”

त्याने उगाच एक रिकामी कुंडी पुसायला घेतली. कान लालबुंद.

“दिला असता तर तुमचं रोप जगलं असतं,” तो कुंडीलाच म्हणाला. “मग तुम्ही कशाला फिरकला असता इकडे?”

“अहो! म्हणजे पहिलं रोप तुम्ही मारलंत!”

“…आणि दुसरं तुम्ही.”

दोघंही कुंडीतल्या त्या काळ्या पडलेल्या कोंबाकडे बघत राहिले. आधी तिला हसू फुटलं, मग त्याला.

“हे बघा,” ती म्हणाली, “मला तुम्ही आवडता. फार आवडता. आता रोप असो-नसो, मी येणार. चालेल?”

“रोज या,” तो म्हणाला. “फक्त एक करा. स्ट्रॉबेरीला हात लावायचा नाही.”

“आणि ह्याला?” तिने त्याचा मातीने भरलेला हात धरला.

त्याने तो सोडवून घेतला नाही.