पाटीमागची खुर्ची

स्टोव्हजवळ सरका पोरांनो, आणि ते मोबाईल ठेवा खाली. ही उगाच कुठून ऐकलेली थाप नाही. मासुओने स्वतः मला सांगितलंय, आणि त्या बिचाऱ्याला गोष्टी रचता येत असत्या तर त्याचं असं मातेरं झालं नसतं.

तेव्हा आपल्या टेकडीवरची, स्कीवाल्यांना वर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट दोघंच चालवायचे. वर मासुओ, खाली त्याचा मेहुणा कुनिहिरो. नियम तुम्हाला माहीतच आहे. संध्याकाळी शेवटचा माणूस बसला की त्याच्या मागच्या रिकाम्या खुर्चीला खालच्याने लाल पाटी अडकवायची. पाटी वर पोचली की वरच्याने फोन करायचा, मग लिफ्ट बंद. पाटीच्या मागे कुणाला बसवायचं नाही, अगदी सख्खा बाप आला तरी नाही.

एका संध्याकाळी पाटी वर आली, मासुओने ती काढली, फोन केला, लिफ्ट थांबली. रात्रभर वादळ होतं. सकाळी मधल्या खांबापाशी पोस्टातली हानाए खुर्चीत बसलेली सापडली. गोठलेली.

सगळ्यांत आधी पोचला कुनिहिरो. लिफ्ट उलटी फिरवून त्याने तिला खाली घेतलं. लोक जमले तेव्हा तिच्या मागच्या खुर्चीला लाल पाटी लटकत होती.

"पाटी यायच्या आधीच दाजींनी फोन केला," कुनिहिरो मान खाली घालून म्हणाला. "घाई असते त्यांना."

"अरे, पाटी मी काढून वर ठेवलीय!" मासुओ ओरडला.

"ती जुनी, जादाची."

जादाची पाटी खालच्या खोलीत असायची, हे दोघांनाच माहीत होतं. मेहुण्याने काय केलं ते मासुओला तिथेच कळलं. पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? त्याची बायको फुसाएसुद्धा म्हणाली, "माझा भाऊ खोटं बोलणार नाही." गावाच्या बोलण्यापेक्षा ते एक वाक्य त्याला जास्त लागलं. लिफ्टवरचं काम गेलं. त्याच टेकडीवर तो संडास धुऊ लागला. सहा वर्षं.

मग ती फेब्रुवारीची एकोणीस तारीख, गुरुवार. कुनिहिरो महिनाभर न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेला, फुसाए त्याच्या उशाशी. इकडे व्यवस्थापक म्हणाले, "मासुओसान, आज कडाका आहे, पाणी गोठून नळ फुटतील. वरच्या विश्रांतिगृहातलं सगळं पाणी काढून या."

लिफ्ट बंदच होती, मोटर दुरुस्तीसाठी शहरात नेलेली. मासुओ बर्फावरच्या गाडीने वर गेला. नळ उघडले, टाकी रिकामी केली. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून वीस मिनिटं.

खट्...

बाहेरचं मोठं चाक फिरत होतं.

मोटर नाही. तरी फिरत होतं. अंधारातून एकेक खुर्ची वर येत होती, प्रत्येकीवर वीतभर बर्फ. मग पाटी आली. लाल.

जुन्या सवयीने त्याचा हात फोनकडे गेला. आणि थांबला.

त्याने वाट पाहिली.

पाटीच्या मागची खुर्ची... तीत दोघं होते. एका बाजूला हानाए, पापण्यांवर बर्फ. दुसऱ्या बाजूला कुनिहिरो. झोपायच्या कपड्यांत. अनवाणी.

"दाजी," तो म्हणाला. "पाटीनंतर बसवलं हिला. एकच फेरी म्हणाली... मी बसवलं. सकाळी दुसरी पाटी मीच लावली."

मासुओच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"खाली चल. सगळ्यांसमोर सांग. फुसाएला सांग!"

हानाएने कुनिहिरोचा हात धरला होता. खुर्ची चाकाला वळसा घालून... खाली गेली.

चाक थांबलं.

मासुओ कसा खाली आला त्यालाच ठाऊक. सरळ मेहुण्याच्या घरी. कबुली मिळाली होती, आता फक्त फुसाएच्या कानावर पडायला हवी होती. दार उघडंच होतं. फुसाए ओट्यापाशी बसून रडत होती.

"गेला हो. दहा मिनिटांपूर्वी, सात-दहाला."

मासुओने घड्याळ पाहिलं. तिथेही सात-वीसच. वरून निघून इथे येईपर्यंत एक मिनिटही पुढे सरकलं नव्हतं.

"काही बोलला? जाताना?"

तिने डोळे पुसले.

"तुमचंच नाव घेतलं. म्हणाला... दाजींनी घाई केली."

मासुओ खालीच बसला. त्याला एकट्याला खरं सांगून गेला होता, आणि जिथे ऐकायला माणसं होती तिथे शेवटच्या श्वासापर्यंत तेच खोटं.

मग दोघं आत गेले. खोलीत स्टोव्ह धगधगत होता. कुनिहिरोचे गुडघे वाकलेले, खुर्चीत बसल्यासारखे. आणि तो गादीच्या अगदी कडेला सरकलेला, शेजारी एका माणसाची जागा ठेवून.

"मी तर मधोमध निजवलं होतं..." फुसाए पुटपुटली.

तिने त्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

तिथे रजई बर्फाने कडक झाली होती.