एकेचाळीस फेऱ्या

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मगदूम वर्कशॉप आहे. त्या वर्कशॉपमध्ये तयार झालेली ती मोटर जोडलेली पॅडलची सायकल कानानं नव्हे, चालवणाऱ्याच्या छातीवरून ऐकत असे. चालवणाऱ्यानं छातीवर श्वास मोजणारा ‘श्वासवेध पट्टा’ बांधल्याशिवाय तिची मोटर सुरूच होत नसे. ही अट वैजयंता मगदूमनं मुद्दाम घातली होती आणि तिला तिचा फार अभिमान होता. पुढं त्याच अटीनं तिची जिरवली.

“शर्यतीत सगळ्यांना बॅटरी सारखीच,” ती डॉ. रेहाना मुजावरांना सांगत होती. रेहाना छातीविकारांच्या डॉक्टर, आणि रविवारच्या सायकलस्वारही. “जेमतेम चार मिनिटं मोटर चालेल एवढी. घाट मात्र अर्ध्या तासाचा. शिवाय आमच्या गटात मोटरला हात लावायचा नाही, कधी चालायचं ते तिनंच ठरवायचं.”

“आणि तिला ते कसं कळणार?”

“तुम्हीच नाही का सांगितलंत, पाय थकायच्या आधी श्वास तुटतो म्हणून? माझा ‘स्मृतिचालक’ प्रत्येक फेरीत तेवढंच टिपतो, रस्त्यावर कुठं श्वास तुटला. पुढच्या फेरीत त्या जागेच्या जरा अलीकडंच मोटर सुरू करतो. सगळ्यात ताज्या फेरीवर त्याचा सगळ्यात जास्त भरवसा.”

“चालवणारा बदलला तर?”

“बदलेल कशाला? मी एकटीच तर चालवते.”

लेथपाशी कुणीतरी खोकलं. हिंदुराव मगदूम, वैजयंताचे आबा. या सायकलचा एकूण एक शाफ्ट त्यांनी स्वतः कातलेला. हल्ली दोन जिने चढले की ते भिंतीला हात लावत, आणि कुणी बघितलं तर भिंत तपासतोय असं दाखवत.

“आबा, एकदा छातीचा फोटो काढू या. हृदयाचीही तपासणी करू,” रेहाना म्हणाल्या. हे त्या चौथ्यांदा म्हणत होत्या.

“डॉक्टरीणबाई, तुमचा धंदा अंदाजाचा. मी मायक्रोमीटरवर चालणारा मानूस. मापात दावा, मग बोला.”

वैजयंताचा संयम सुटला. “ठीक आहे, पैज लावू. मी घाटाची शर्यत जिंकले तर तुम्ही दवाखान्यात यायचं.”

आबांनी हात पुसले. “लावली. आनि हरलीस, तर दवाखान्याचं नाव पुन्यांदा या घरात काढायचं न्हाई.”

वैजयंताला त्या क्षणापासून खरी भीती वाटू लागली. शर्यत आजवर हौसेची होती, आता तिच्यावर बापाचा जीव टांगला होता. सहा आठवडे ती आठवड्यातून तीनदा संध्याकाळी घाटात जाऊन सराव करत राहिली. मोटर दर वेळी जरा लवकर सुरू होई, पण ती अजून शिकतेय असं समजून तिनं ते सोडून दिलं आणि शेवटचे दोन दिवस पायांना विश्रांती दिली.

शर्यतीच्या सकाळी तेवीस सायकली सुटल्या. पायथ्याच्या सपाट रस्त्यावर वैजयंता आरामात तिसरी होती, गाणं म्हणावं इतका दम तिच्यात शिल्लक होता. रसवंतीगृह दिसलं आणि काही कारण नसताना मोटर गुरगुरून सुरू झाली. “अगं, आत्ता नको!” ती ओरडली. सायकलनं ऐकलं नाही. सपाटीवरून तिनं वैजयंताला सगळ्यांच्या पुढं नेलं, बघणाऱ्यांनी टाळ्याही वाजवल्या. पहिल्याच वळणावर बॅटरी संपली. उरलेला घाट ती ते लोखंड पायांनी ओढत राहिली आणि अकरावी आली.

दुपारी वर्कशॉपमध्ये तिनं स्मृतिचालक उघडला. चूक कुठं आहे ते तिला शोधायचंच होतं. रेहाना शेजारी बसल्या होत्या. आबा लेथवर काम करत होते आणि मुद्दाम इकडं बघत नव्हते.

“मी अठरा फेऱ्या मारल्या,” वैजयंता म्हणाली. “इथं एकोणसाठ आहेत. एकेचाळीस जादा. रोज पहाटे, पावणेसहाला.” ती हळूच वळली. “आबा?”

आबांनी मान वर केली नाही. “मगदुमांच्या वर्कशॉपातनं रनिंग काढल्याबिगर गाडी भाईर जात न्हाई. तुझ्या आज्ज्यापास्नंची रीत हाय. बनवनाऱ्यानं आधी सवता चालवायची. पट्टा बांधल्याबिगर तुझी मोटर चालू हुईना, म्हनून बांधला. काल बी गेल्तो, शेवटचं बघावं म्हनून.”

ती भांडायला उठलीच होती. रेहानांनी तिचा हात धरला. “थांब वैजू. त्या एकेचाळीस फेऱ्या तारखेनुसार लाव.”

पडद्यावर घाटाचा रस्ता उमटला आणि त्यावर एकेचाळीस ठिपके. पहिल्या दिवशी श्वास तुटला होता तो अगदी वर, शेवटच्या वळणाला. दहाव्या दिवशी अर्ध्या घाटात. तिसाव्या दिवशी पहिल्या वळणावर. कालचा ठिपका घाटात नव्हताच. तो सपाटीवर होता, रसवंतीगृहासमोर.

“आणि हे मोटरची मदत असताना,” रेहाना हळू आवाजात म्हणाल्या. “सहा आठवड्यांत इतकं खाली? हे आजच बघायला हवं, आबा. उद्यावर टाकण्यातलं नाही.”

वैजयंता पडद्याकडं बघत राहिली. सकाळपासून तिनं सायकलला काय काय शिव्या दिल्या होत्या! “तिचं काही चुकलं नाही,” ती म्हणाली आणि तिला रडू आलं. “आजही ती तुम्हालाच चढवत होती आबा. तुम्ही नव्हता तरी.”

आबा जवळ आले. चष्मा चढवून त्यांनी ठिपक्यांवरून वरून खाली बोट फिरवलं, कातलेल्या शाफ्टवरून फिरवत तसं.

“झीज हाय ही,” ते अखेर म्हणाले. “आधी हळूहळू, मग एकदम.”

“बेअरिंग असतं तर काय केलं असतं?” वैजयंतानं विचारलं.

“मशीन हितंच थांबवलं असतं.”

“पण मी पैज हरले.”

“हरलीस तर खरी,” आबा म्हणाले. मग त्यांनी लेथचं बटण बंद केलं. त्याच्या चाकावरचा पट्टा थांबेपर्यंत ते तिकडं बघत उभे राहिले.

“माजी चप्पल कुटं हाय, बघ जरा.”