बोटाचा भाग फार आवडला

दिवसभर दवाखान्यात लोकांची मोडलेली हाडं बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन भावाच्या हाणामारीचे व्हिडिओ कापत बसायचं, असा ताईचा नेम झाला होता. ती एक्स-रे काढायची. भाऊ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता, ते दुकान बंद झालं आणि तो घरी बसला. त्याला घरीदारी सगळे मुंगळा म्हणत. मान तुटली तरी मुंगळा गूळ सोडत नाही म्हणतात, तशी याची तऱ्हा. एखादी गोष्ट धरली की धरली. सध्या त्याने गेमिंगचं चॅनल धरलं होतं.

तो खेळायचा तो गेम मोठा रक्तबंबाळ होता. जुनी जहाजं तोडण्याचा ओसाड कारखाना, गंजलेले जिने, हातात आकडे घेऊन अंगावर धावून येणारी माणसं, आणि आपल्याकडे फक्त एक हातोडा. मुंगळा एकेकाची कवटी फोडत पुढे जायचा आणि तोंडाने अखंड बडबडायचा. पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत त्याचा चेहरा दिसायचा. बघणारे इनमीन चार मित्र आणि आई. आई चष्मा पुसून मन लावून बघायची आणि मध्येच म्हणायची, "अरे, पडलाय ना तो आता? अजून किती बडवशील?"

"आई, तो मेला नाहीये. परत उठतो."

"मग तोही तुझ्यासारखाच चिकट दिसतोय."

ताईला गेममध्ये काडीचा रस नव्हता, पण ढिसाळ काम तिला बघवत नसे. मुंगळा दरवेळी नमस्कार-चमत्कार करण्यात सुरुवात घालवायचा आणि लोक तिथेच पळून जायचे. नवशिक्यांना सल्ले देणारे दहा जणांचे व्हिडिओ ताईने पाहिले आणि कंबर कसली. नमस्कार उडवला, व्हिडिओ थेट हातोड्याच्या घावावर सुरू केला. आवाज घुमू नये म्हणून मुंगळ्याच्या मागे भिंतीला जुनी गादी उभी केली. तो नुसता चालत असेल तिथे तिथे कात्री लावली. एक गोष्ट मात्र तिने स्वतःच्या डोक्याने केली. गेममध्ये हाड मोडल्याचा आवाज तिला खोटा वाटायचा.

"हाड असं वाजत नाही रे. हे तर बिस्किट मोडल्यासारखं झालं," ती म्हणाली. तिने ओल्या फडक्यात गाजर गुंडाळलं आणि माइकसमोर धरून मोडलं.

मुंगळ्याच्या अंगावर काटा आला. "ताई, तू बाई भयंकर आहेस," तो म्हणाला आणि खूश झाला.

सल्ल्यांमधले दोन नियम तिने अगदी पाठ केले होते. एक म्हणजे व्हिडिओच्या शेवटी बघणाऱ्यांना विचारायचं, पुढच्या वेळी काय बघायला आवडेल. दुसरा म्हणजे पहिल्या तासाभरात जी जी कमेंट येईल तिला लाल बदाम द्यायचा. माणसाला वाटतं आपलं म्हणणं पोचलं, आणि तो परत येतो. मुंगळ्याला हे काम देण्यात अर्थ नव्हता, तो लोकांशी वाद घालत बसला असता. त्यामुळे बदाम वाटण्याचं खातं ताईकडे आलं. दवाखान्यात दोन पेशंटच्या मध्ये, बसमध्ये उभ्याउभ्या, अंगठा चालेल तसे ती बदाम द्यायची. वाचायला वेळ कुणाला होता?

गाजराचा आवाज घातलेला पहिला व्हिडिओ चढवला आणि कधी नव्हे ते अनोळखी लोक आले. एकाने लिहिलं होतं, 'बोटाचा भाग फार आवडला.' खाली दुसऱ्याने दुजोरा दिला होता, 'करंगळी मागे वळताना जो आवाज येतो तो अगदी खरा वाटतो.' ताईने दोघांना बदाम दिला. घरी आल्यावर मुंगळा डोकं खाजवत बसला होता.

"ताई, या व्हिडिओत बोटाचं काहीच नाहीये गं. मी सगळी डोकीच फोडलीत."

"दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओवर लिहायचं ते आपल्याकडे लिहिलं असेल. आवाज आवडला म्हणतायत ना? मग झालं तर."

तिला मनातून गुदगुल्या झाल्या होत्या. गाजर कामाला आलं होतं.

त्यानंतरच्या सुटीच्या दिवशी सकाळी तिघं चहा घेत होती. मुंगळा डाव्या हाताने पावाचा तुकडा उचलत होता. त्याची करंगळी एकटीच ताठ उभी राहिली. त्याने तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. मग ती मागे जाऊ लागली. कुणी चिमटीत धरून सावकाश मागे न्यावी तशी ती गेली, जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही, आणि आवाज झाला. ओला, आखूड. ताईने तो माइकसमोर स्वतः काढला होता, तिला तो लगेच ओळखू आला. मग मुंगळा किंचाळला, कप फुटला आणि आईच्या पदरावर चहा सांडला.

ताईने स्वतःच त्याचा एक्स-रे काढला. काम चोख केलं. हाडांच्या डॉक्टरांनी चित्र उजेडाला धरलं आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

"आत्ता सकाळी झालंय, डॉक्टर. माझ्यासमोर."

"काहीतरी काय बोलता? तुम्हाला मी शिकवायचं का?" डॉक्टरांनी चित्रातल्या मोडलेल्या जागेवर बोट ठेवलं.

शिकवण्याची गरज नव्हती. मोडलेलं हाड जुळताना त्याच्याभोवती नव्या हाडाची गाठ धरते. ती धरायला काही आठवडे जातात. मुंगळ्याच्या करंगळीत ती धरली होती. ताईने एक्स-रे पाकिटात घातला आणि डॉक्टरांशी वाद घातला नाही. यंत्राचा दोष असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ते यंत्र तिने त्याच आठवड्यात तपासून घेतलेलं होतं.

चॅनल मात्र फोफावलं. मुंगळा बोटाला पट्टी बांधून खेळत होता आणि कमेंटांचा पाऊस पडत होता. एवढे लोक आले तरी कुणी हातोड्याबद्दल, जहाजांबद्दल, त्याच्या खेळाबद्दल अवाक्षर लिहीत नव्हतं. 'बरगड्यांच्या वेळी पाठ का केली? नीट दिसलं नाही.' 'बरगड्या छान, पण किती लवकर संपलं.' मुंगळ्याने ते वाचून दाखवलं आणि हसला. "ही कुठली जमात आहे गं? काय बघतात ही माणसं?"

"बघतायत ना? चॅनल दिवसागणिक वाढतंय, आणि तू तक्रारी कर." ती हसून म्हणाली खरी, पण तिचा अंगठा क्षणभर अडला. मग सवयीने तिने बदाम दिले.

पुढे जे झालं ते भरदुपारी झालं. मुंगळा आतल्या खोलीत दार लावून खेळत होता, ताई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. आतून घाव ऐकू येत होते. दण. थोडं थांबून, दण. गेम भलताच रंगात आलाय, असं तिच्या मनात आलं. मग तिच्या ध्यानात आलं की मुंगळा बडबडत नाहीये. इतका वेळ तोंड बंद ठेवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. आणि तो नेहमी हेडफोन लावून खेळायचा. गेमचा आवाज बाहेर यायलाच नको होता.

तिने सुरी टाकली आणि दार ढकललं. मुंगळा जमिनीवर पडला होता, गादीकडे तोंड करून. त्याचं शरीर आणखी एकदा उडालं. डाव्या कुशीत काहीतरी आत गेलं आणि बाहेर आलं. शर्टाच्या कापडाला तेवढीच गोल खळी पडली आणि दण असा आवाज झाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या तोंडातून फेसाळ रक्त येत होतं. ताई त्याच्या अंगावर आडवी पडली, त्याला दोन्ही हातांनी झाकून घेतलं. तिच्या पाठीवर काही आलं नाही. थोड्या वेळाने खोली गप्प झाली.

तीन बरगड्या मोडल्या होत्या. तिन्हींना गाठ धरली होती.

मुंगळ्याला दवाखान्यात ठेवून ती घरी आली आणि तिने त्या दुपारचं चित्रण लावलं. कोपऱ्यातल्या चौकटीत मुंगळा शेवटपर्यंत खुर्चीत बसला होता, हसत होता, बोलत होता. शेवटी त्याने कॅमेऱ्याकडे बघून नेहमीसारखं विचारलं, "पुढच्या वेळी काय बघायला आवडेल?" जमिनीवर पडलेला भाऊ त्यात कुठे नव्हता, आणि दारातून धावत आलेली तीही नव्हती.

तेव्हा ती जुन्या कमेंटा पहिल्यांदा नीट वाचायला बसली. बोटाची कमेंट बोट मोडण्याच्या आधीची होती. बरगड्यांची, बरगड्यांच्या आधीची. आणि प्रत्येकीखाली तिचा लाल बदाम होता. लोकांनी मागितलं होतं, की बघून दाद दिली होती, ते तिला कळेना. एवढं कळलं की दरवेळी तिने होकार दिला होता. सगळ्यात वर एक कमेंट होती. 'आता डोकं. पण समोरून दिसलं पाहिजे.' तिलाही बदाम होता. कधी दिला ते तिला आठवेना. बसमध्ये असेल.

तिने बदाम काढून घेतला. पापणी लवते न लवते तोच खाली उत्तर उमटलं. 'दिलेलं परत घेत नसतात.'

मुंगळा पट्ट्यांमध्ये आवळून घरी आला त्या दिवशी तिने चॅनल कायमचं बंद करायला घेतलं. तो तिच्या अंगावर धावून आला. "आता कुठे लोक बघायला लागलेत! तू कोण बंद करणार?"

"तुझी बहीण. हो बाजूला."

"मरेन पण बंद करू देणार नाही!"

त्याने तिचा दंड पिरगाळला. तिने उलट्या हाताने त्याच्या थोबाडीत दिली, एवढी जोरात की त्याचा ओठ फुटला आणि तो भिंतीवर आदळला. आई मध्ये पडली, तिलाही एक धक्का बसला. मुंगळा रक्त पुसत खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. ताईही रडत होती, पण रडत रडत तिने बटण दाबलं. चॅनल गेलं.

त्यानंतर ताईने त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. घरात हेल्मेट घालायला लावलं. कारण विचारलं तर ती सांगायची नाही, आणि मुंगळा तिच्या डोळ्यांकडे बघून मुकाट्याने घालायचा. आई म्हणायची, "जेवताना तरी काढा रे ते मडकं." काही घडलं नाही. ओठ भरून आला, कूस दुखायची थांबली, मुंगळा एका दुकानात कामासाठी फोनवरून विचारपूस करू लागला. ताईला रात्रीची झोप लागू लागली. सुटलो बाबा, असं ती एकदा आईजवळ मोठ्याने म्हणालीसुद्धा.

बरगड्या जुळल्या की नाही हे बघायला डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला. ताईने त्याला स्वतःच्या पाळीत, दुपारी बोलावलं. तिच्या डोळ्यांसमोर असेल, भोवती डॉक्टर असतील. याहून सुरक्षित जागा कुठली?

जेवणाच्या सुटीनंतर तिने एक्स-रे विभागाचं दार उघडलं. बाहेरचे सगळे बाक भरले होते.

"कागद द्या," ती म्हणाली. कुणी उठलं नाही.

"पहिला नंबर कुणाचा?"

"आमचा नंबर नाहीये," इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ अदबीने म्हणाला. "आम्हाला काही झालेलं नाही. तुमचं चालू द्या."

"मग इथे का बसलात?"

तो नुसता हसला. शेजारची बाईही हसली, ओळखीचं हसावं तसं. कुणाच्या हातात फोन नव्हता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भिंतीकडच्या बाकावरच्यांनी आपला बाक उचलून वळवून घेतला होता. सगळ्यांची तोंडं लांबच्या दाराकडे होती.

त्या दारातून मुंगळा आत आला.

पहारेकऱ्याने त्याला थांबवलं, काहीतरी सांगितलं. मुंगळ्याने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, केस सारखे केले, आणि ताईला बघून हात वर केला.

"तिथेच थांब!" ती ओरडली. "मुंगळ्या, मागे फिर!"

त्याला ऐकू गेलं नाही. तो हसत सरळ चालत येत होता, समोरून.

ती धावत सुटली. बाकांवरची माणसं ताठ झाली.

मागच्या बाकावरून एका बाईने पुढच्याच्या खांद्याला हळूच हात लावला आणि म्हणाली, "जरा सरकता का? मला दिसत नाहीये."